बिराची मेंढरं मी राखली नाहीत

बिरा गेल्याचं मला त्याचं दहावं उरकल्यावर कळलं. कुपवाडच्या कारखान्यात जाणाऱ्या गावातल्या एकानं कुंडलच्या स्टँडवर सहज सांगितलं, "तुमचा त्यो म्हसवडकडचा धनगर वारला की." तुमचा! ज्याला आम्ही पुन्हा शिवारात पाऊल टाकू दिलं नाही, तो मेल्यावर आमचा झाला. माझी सत्तरी उलटली आहे. बिराबद्दल गावात जे सांगितलं जातं ते खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे बिरा गेल्यावर फक्त मलाच माहीत उरलं होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची ती वर्षं. थंडी पडली की बिरा आणि त्याचा थोरला भाऊ मायाप्पा मेंढरं घेऊन आमच्याकडं येत. खतासाठी आम्ही ती रानात बसवून घेत असू. बिरा माझ्याच वयाचा, विशीतला, पण पोरांत पोर. सकाळच्या गारठ्यात तो नुकतं जन्मलेलं कोकरू एखाद्या पोरीच्या शालीत सोडायचा आणि म्हणायचा, "धर गं, तुझा भाऊ हाय." लगोरीत त्याला कुणी हरवलं नाही. रविवारी चार घरच्या बायका-पोरं शाळूच्या रानात हुरड्याला जमली, की पहिली हाक बिराला जायची.

त्या रविवारीही गेली. शेजारच्या रानातली हायब्रीड ज्वारी काढून झाली होती आणि बुडख्यांना कोवळे फुटवे आले होते. ते फुटवे खाल्ले की किराळ लागून, विष चढून जनावर मरतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बिरा बांधावरून हलेना.

"मेंढरं टाकून कसा येऊ?"

"मी हाय न्हवं? जा तू."

"फुटव्याकडं तेवढी जाऊ देऊ नगंस गड्या. किराळ लागंल."

"आरं, मला शिकवतोस व्हय?"

काठी माझ्या हातात देऊन तो गेला. मी थोडा वेळ उभा राहिलो. मग पोरांचा गलका वाढला, बिरा डाव जिंकत चालला होता, आणि मला ते बघवेना. मी काठी बांधावर ठेवली आणि समोरच्या गटात जाऊन खेळायला लागलो... त्याला हरवायचं होतं, एवढंच. मेंढरं आमच्या पाठीमागं होती.

मायाप्पाची आरोळी आली तेव्हा फुटव्यात मेंढरं झोकांड्या खात होती. तोंडाला फेस. बघता बघता अकरा मेंढरं आडवी झाली. हुरडा खाणारी पोरं रडायला लागली, बायकांनी त्यांना घराकडं ओढलं. मायाप्पानं बिराला विचारलं, "कुठं गेलतास?" बिरानं माझ्याकडं बघितलं. माझे वडील मध्येच म्हणाले, "पोरांत खेळत हुता. ह्येच्या जिवावर मेंढरं सोडतूस व्हय?" सगळे माझ्याकडं बघत होते असं मला वाटलं. खरं तर कुणीच बघत नव्हतं, फक्त बिरा बघत होता. मी गप्प राहिलो. त्यानंही माझं नाव घेतलं नाही. बांधावरची काठी बिरानं उचलली होती, ती मायाप्पानं त्याच्या हातातून काढून घेतली. धनगराच्या हातून काठी गेली म्हणजे काय गेलं, हे मला तेव्हाही कळत होतं.

पुढच्या हिवाळ्यात वडिलांनी दुसऱ्याच धनगराचा कळप बोलावला. बिरा तोवर कुपवाडच्या कारखान्यात लोखंड घासत होता. मी दोनदा त्याच्या गल्लीपर्यंत गेलो आणि दोनदा परत फिरलो.

परवा मात्र घरात गेलो आणि त्याच्या मुलाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आबा आमच्यासंगं कवाच खेळलं न्हाईत. आमाला वाटायचं, तेंना पोरं आवडत न्हाईत." मग म्हणाला, "ते असताना आला असता तर बरं झालं असतं." चहा पुढं केला, पण बसा म्हणाला नाही.

त्यानंच दाखवलं. घरामागच्या मोकळ्या जागेत एक पत्र्याची खुर्ची होती. थंडीत गल्लीतली पोरं खेळायला आली, की बिरा तिथं बसून त्यांचे स्वेटर आणि चपला सांभाळायचा. पोरं ओढायची, तरी उठायचा नाही. त्या दिवशीही पोरं खुर्चीपाशी चपला काढून खेळत होती. एक मुलगी स्वेटर खुर्चीवर टाकून म्हणाली, "आजोबा, जरा बघा हं." आणि पळाली.

अंधार पडेपर्यंत मी खुर्चीशेजारी उभा होतो. चपलांवरची नजर एकदाही हलवली नाही.