इट्टूपचे कधीच न निघालेले सिनेमे

आमच्या पुदुक्काडच्या एका कौलांच्या कारखान्यात इट्टूप भट्टीवर होता. नकला करायची त्याला भारी हौस, आणि नकला त्याला अजिबात येत नसत. कुठल्याही नटाचा आवाज काढायला गेला की इट्टूपचाच आवाज निघायचा, फक्त सर्दी झालेला.

तरी एकदा तो गावातल्या नकलाकार मंडळाकडे गेलाच. मंडळाचा म्होरक्या जोसू म्हणाला, "कर बघू काहीतरी." इट्टूपनं मान वाकडी केली, एक डोळा मिटला आणि गरजला, "सरोजिनी, तो नारळ खाली ठेव! त्यात माझे वडील आहेत!"

"हा कोण रे?"

"ओळखलं नाहीस दादा? 'रक्ताचा नारळ'मधला फौजदार!"

असा सिनेमाच नव्हता. पण आपण पाहिला नाही, हे चारचौघांत सांगणार कोण? मंडळातला एकजण म्हणाला, "हां हां, मध्यंतरानंतर जरा पडतो." जोसू घाईघाईनं म्हणाला, "पण शेवट चांगलाय." इट्टूप मंडळात शिरला.

मग चर्चच्या दरवर्षीच्या सणाला तो असल्याच सिनेमांची टर उडवू लागला. एका सिनेमात नायक गाणं म्हणत असायचा आणि चोर पिशवी घेऊन, गाणं संपेपर्यंत अदबीनं उभा राहायचा. लोक पोट धरधरून हसत आणि घरी जाताना विचारत, "हा कुठं लागलाय हो?"

घरोघरी टीव्ही आले तेव्हा इट्टूपनं सणाच्या स्टेजवरच मालिका काढली: 'सासूचे अश्रू, भाग चारशे बारावा'. त्यातला खलनायक दारात उभा राहून तीनदा खोकायचा, "वीस वर्षांपूर्वी..." एवढंच म्हणायचा, आणि साबणाची जाहिरात लागायची. जाहिरातही इट्टूपच करायचा.

त्या वर्षी लाकडाच्या वखारीचे मालक वारीद मुदलाळी पहिल्याच रांगेत बसले होते. जाहिरात संपली आणि ते खोकले. तीनदा. अख्खं मैदान त्यांच्याकडे वळून हसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुदलाळी इट्टूपच्या दारात. इट्टूपचा मेहुणा त्यांच्याच वखारीत कामाला, त्यामुळे इट्टूपच्या तोंडचं पाणी पळालं.

"ती मालिका कुठल्या चॅनेलवर लागते?"

"लागत नाही मुदलाळी. मनचीच आहे."

"मग तो माझ्यासारखा का खोकतो?"

आतून इट्टूपची बायको त्रेस्या म्हणाली, "खोकला काय तुमच्या एकट्याच्या नावावर आहे?"

"तू गप गं!" इट्टूपनं हात जोडले. "मुदलाळी, पुढच्या भागात मारूनच टाकतो त्याला."

"मारतोस कशाला?" मुदलाळी एकदम खुर्चीत बसले. "आधी सांग, वीस वर्षांपूर्वी झालं काय?"

इट्टूपनं डोकं खाजवलं. "अजून ठरलं नाही."

मुदलाळींनी अंगणातल्या कोंबड्यांकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "असं कर. त्यानं धाकट्या भावाला घराबाहेर काढलं, असं दाखव. भावाची काही चूक नव्हती." आणि त्रेस्यानं पुढे केलेली कॉफी न घेताच उठून गेले. मुदलाळींचा भाऊ कुंजुवरीद पालक्काडला असतो आणि तो गावात फक्त सणाला, तोही सासुरवाडीला येतो, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

पुढच्या सणाला खलनायक दारात आला, खोकला, "वीस वर्षांपूर्वी..." म्हणाला. लोक जाहिरातीची वाट बघत हसायला लागले. पण जाहिरात आलीच नाही. इट्टूप त्याच्या त्या सर्दी झालेल्या आवाजात म्हणाला, "चूक माझी होती. घरी ये." हसू अर्ध्यावरच थांबलं. मागच्या बाजूला सासुरवाडीच्या माणसांत बसलेला कुंजुवरीद उठून बाहेर निघून गेला. इट्टूपला वाटलं, संपलं सगळं.

सोमवारी कुंजुवरीद वखारीत हजर. दोघा भावांनी चहा मागवला आणि चहा गार होईपर्यंत बापाच्या नारळीच्या बागेवरून कडाकडा भांडले. पण नाताळाला कुंजुवरीद बायकापोरांसकट मुदलाळींच्या घरी जेवायला होता.

तेव्हापासून इट्टूपच्या अंगणात माणसं येऊन बसायला लागली. कुणाला सुनेला निरोप द्यायचा होता, कुणाला पाद्रीबाबांना. आपल्याला मालिकेत घ्या, म्हणून मागे लागायची. त्रेस्या पदराला हात पुसत बाहेर यायची आणि म्हणायची, "माणूस आत्ता भट्टीवरून आलाय. आधी पेज तरी पिऊ द्या त्याला!"