शिष्यवृत्तीचा फोटो

साहेबांनी माझ्या डोक्यावर जाळं टाकलं आणि सगळं सभागृह हसलं.

खरंखुरं जाळं. माझ्या बाबांचं, मासे धरायचं. कडेच्या शिशाच्या गोळ्या कानशिलावर आपटल्या. साहेब माइकमध्ये म्हणाले, "बघा, यंदा आमच्या जाळ्यात डॉक्टर सापडली!" खालून फोटोवाला ओरडला, "मॅडम, स्माइल!"

मी हसले. सवयीनं.

नागपूरच्या रामदासपेठेतलं एसी सभागृह. एका ट्रस्टचा कार्यक्रम. फॅमिली मेडिसिनमध्ये पुढचं शिक्षण घेणाऱ्या गरीब घरच्या डॉक्टरांना हा ट्रस्ट शिष्यवृत्ती द्यायचा. साहेब त्याचे अध्यक्ष. हृदयाचे मोठे सर्जन, स्वतःचं हॉस्पिटल. मी एमबीबीएस झालेली. परीक्षा देऊन फॅमिली मेडिसिनची सीट मिळवलेली. फी भरायची सोय मात्र नव्हती. म्हणून अर्ज केला, मुलाखत दिली, निवड झाली. मार्कांवर झाली असं मला वाटलं.

जाळं तिथं आलं ते ट्रस्टच्या ऑफिसमधल्या बाईंच्या फोनमुळे. "वडिलांना सोबत आणा. आणि त्यांचं जाळंपण. फोटोत जरा परिस्थिती दिसली पाहिजे."

आम्ही ढिवर. पारशिवनीकडच्या गावात बाबा तलावात मासे धरतात, आई बाजारात बसून विकते. फोनचं सांगितलं तेव्हा बाबांना आनंदच झाला. साहेबांनी जाळं पाहायला मागितलं म्हणजे केवढा मान. त्यांनी ते साबण लावून धुतलं, उन्हात वाळवलं, वास जावा म्हणून. नव्या पिशवीत घालून एसटीत मांडीवर धरून आणलं. अंगात इस्त्रीचा शर्ट. सभागृहात पहिल्या रांगेत रिकामी खुर्ची दिसली, तिथं बसले. एक मुलगी धावत आली.

"काका, इथं देणगीदार बसतील. लाभार्थी मागे."

"हो, हो," म्हणत बाबा उठले. शेवटच्या रांगेत जाऊन बसले. मी ते स्टेजवरून पाहिलं.

फोटो झाला तरी जाळं कोणी काढलं नाही. साहेबांचं भाषण सुरू झालं. "सगळेच हार्ट सर्जन झाले तर कसं चालेल? सर्दी-खोकल्यालाही कोणीतरी पाहिजेच ना." हशा. "आणि अशी मुलं खेड्यात टिकतात. आपल्या मुलांना तिथं राहवत नाही."

आपल्या मुलांना.

समोर बसलेल्यांत डॉक्टर होते. मला शिकवणारे सरही होते. तेही हसत होते. त्यांची तोंडं मला जाळ्यातून दिसत होती.

सर्दी-खोकला म्हणे. मला आत्या आठवली. बाबांची मोठी बहीण. आई बाजारात गेली की मला तीच सांभाळायची. तिचे गुडघे दुखायचे, शुगर होती, बीपी होतं. नागपुरात तिला प्रत्येक आजाराचा वेगळा डॉक्टर. सगळे मोठे. गुडघ्याच्या डॉक्टरनं दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या, त्या ती वर्षानुवर्षं खात राहिली. शुगरवाल्याला ते माहीत नाही, बीपीवाल्यानं विचारलं नाही. मी शिकायला लागल्यावर एकदा तिच्या पिशवीतल्या सगळ्या गोळ्या खाटेवर मांडल्या. दुखण्यावरच्या त्या गोळ्या किडनी खातात, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तोवर किडन्या गेल्या होत्या. आत्या गेली. इतक्या डॉक्टरांत अख्खी आत्या बघणारा एकही नव्हता. मला तो डॉक्टर व्हायचं होतं. दुसरं काही मिळालं नाही म्हणून नाही. मला स्किनची सीट मिळत होती. ती सोडून मी इथं आले होते.

हे साहेबांना मुलाखतीत सांगितलं होतं. तेव्हा ते मोबाइल बघत होते.

माझ्या हातात आभाराचं भाषण होतं, ऑफिसनंच टाइप करून दिलेलं. ते टेबलावर ठेवलं. जाळं डोक्यावरून काढलं. शिशाच्या गोळ्या एका हातात धरून नीट गुंडाळलं. मी माइकसमोर गेले, आणि कॉलेजात पोरं हसतात म्हणून इतकी वर्षं दाबून ठेवलेली बोली तोंडातून निघाली.

"सर, हे माह्या बाबाचं जाळं आहे. त्याच्यावर आमी जेवतो. गंमत नाही ते. मले शिष्यवृत्ती मार्कांवर दिली असन तं द्या. बाबाच्या गरिबीवर देत असान तं मले नको."

ऑफिसमधल्या त्या बाई मागून कुजबुजल्या, "आधी सरांच्या पाया पडा. पाया पडा लवकर."

मी पाया पडले नाही. खाली उतरले. शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेले. "बाबा, चला."

बाबा उठले. पण माझ्याकडे पाहिलं नाही.

आम्ही एसटी स्टँडवर आलो. मग बाबा म्हणाले, "साहेबानं मजाक केली. तू काहून एवढी भडकली वं?"

"त्याईच्या पोरीच्या डोक्यावर टाकून केली असती का अशी मजाक?"

"मले जाळ्याची लाज नाही."

"मलेबी नाही, बाबा. म्हणून तं काढलं."

ते गाडीत दुसऱ्या सीटवर जाऊन बसले.

चार दिवसांनी ऑफिसमधून फोन. दिलगिरी लिहून द्या, सरांचं मन मोठं आहे, फोटो परत काढू. मी नाही म्हटलं. मग फॅमिली मेडिसिन विभागाच्या मॅडमनी बोलावलं. त्या चांगल्या आहेत, म्हणून जास्त लागलं. "लिहून टाक गं. अशानं ट्रस्ट फॅमिली मेडिसिनला पैसे देणंच बंद करेल. मुळात आपल्याकडे येतंच कोण?"

मी लिहून दिलं नाही, आणि तसंच झालं. पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती निघाली नाही. भंडाऱ्याच्या एका मुलीनं फोन केला. तिला याच शाखेला यायचं होतं. "ताई, तुमच्यासाठी तो स्वाभिमान असेल. माझी सीट गेली त्यात."

तिचं नुकसान खरं होतं. पण एक गोष्ट मी तिला सांगितली, ती आजही सांगते: शिष्यवृत्ती मी बंद केली नाही. ज्याला एक 'नाही' ऐकून घेता आलं नाही, त्यानं केली.

माझीही सीट गेली. फीची मुदत निघून गेली. तेव्हापासून मी पारशिवनी तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात काम करते आणि परत परीक्षा देते. बाबा गावात लोकांना सांगतात, "पोरीनं हातची सीट घालवली." माझ्या ताटात मासा वाढतात, बोलतात थोडं.

यंदा परत सीट मिळाली. दुसऱ्या एका संस्थेत शिष्यवृत्तीची मुलाखत झाली. पहिलाच प्रश्न, "घरची परिस्थिती जरा सविस्तर सांगता का? वडील काय करतात?"

मी म्हटलं, "वडिलांचं उत्पन्न दाखल्यावर आहे. मला पेशंटबद्दल विचारा. परीक्षा माझी घ्या, बाबांची नाही."

टेबलापलीकडच्या तिघांपैकी एकानं पेनाचं टोपण लावलं.

निकाल अजून आलेला नाही. निवड झाली नाही तर पुढच्या वर्षी परत बसेन, परत मागेन. ते पैसे माझ्या शिक्षणाचे आहेत, मागायला मी लाजणार नाही. पण मागताना मान खाली घालणार नाही, रडकी कहाणी सांगणार नाही, आणि कोणी स्टेजवर बोलावलं तर आधी विचारेन, माझे बाबा कुठल्या रांगेत बसणार आहेत. मागे बसवणार असाल, तर मी येणार नाही.