पुतण्याचं एक वर्ष

आखार्नाय गावचा युथिआस तसा वाईट माणूस नव्हता. डोंगरातून लाकूड आणावं, मातीने लिंपून भट्टी लावावी, अथेन्सच्या बाजारात कोळसा विकावा, आणि देवाला दिल्याशिवाय घास घेऊ नये. भाऊ लढाईत कामी आला तेव्हा भावजय मेलिता आणि तिचा मोलॉन यांना त्यानेच सांभाळलं. भावाची भट्टीही मग त्याच्याच हाती राहिली.

बघता बघता मोलॉनला अठरा भरली. त्यांच्याकडे अशा मुलाला एफीबॉस म्हणत, म्हणजे भर तारुण्यात पाऊल टाकलेला. पण नुसती मिसरूड फुटून भागत नसे. गावसभेने शपथेवर कौल द्यायचा. मग काळा झगा, सरहद्दीची राखण आणि बापाची मालमत्ता. तोवर तो आपला पोरच.

सभेआधी रिवाजाप्रमाणे मोलॉनने हेराक्लीस देवापुढे द्राक्षारस वाहिला आणि सगळ्यांना पाजला. पहिला पेला काकाला दिला. युथिआस तो प्यायला.

सभेत कोणीतरी म्हणालं, "गाल बघा की, अंजिरासारखे गुळगुळीत. हा कसला एफीबॉस?" हशा पिकला. गावप्रमुख दॉर्किसने युथिआसकडे पाहिलं. "तुमच्या घरचं पोर. देवाची शपथ घेऊन सांगा, अठरा भरली का?"

युथिआसच्या डोळ्यांपुढे दोन्ही भट्ट्या उभ्या राहिल्या. एकट्याने राखायच्या कशा? आणखी एक वर्ष हा हाताशी राहिला तर.

"एक कमी आहे," तो म्हणाला.

पालकाचाच शब्द, त्यावर कोण बोलणार? मतांचे खडे नकाराचे पडले. बायकांना सभेत जागा नव्हती. जिने जन्म दिला तिला कोणी विचारलंच नाही.

बरोबरीची मुलं केस कापून, काळे झगे घालून बंदरावरच्या छावणीत गेली. पाणवठ्यावर म्हातारे मोलॉनला डिवचत, "काय बाळा, आई सोडते का बाहेर?" तो हंडा भरून निघून जाई. युथिआसला मात्र देवापुढे उभं राहवेना. शपथेचे शब्द तोंडात आले की प्रार्थना अडायची. हेराक्लीसच्या देवळावरून जाणं नको म्हणून तो वळसा घालून डोंगरात जाऊ लागला.

एका दुपारी भट्टीशी तो मोलॉनला म्हणाला, "तुझं वय मी चुकीचं सांगितलं. जाणूनबुजून."

मोलॉन भेगेवर माती थापत होता. थापतच राहिला. "माहीत आहे, काका. आईने त्याच दिवशी वर्षं मोजून दाखवली."

"मग बोलला का नाहीस?"

"पोराचं कोण ऐकतं?"

"मी दॉर्किसला सांगतो. सगळ्यांदेखत."

"सांगा. पण या वर्षीची नावं नोंदून झाली. मला आता पुढल्या वर्षी धाकट्यांच्या रांगेतच उभं राहावं लागणार."

"तरी सांगतो."

मोलॉनने हात झटकले. "आज भट्टी राखायला मी थांबणार नाही," म्हणाला, आणि उतारावरून घराकडे निघाला.

धूर अजून पांढराच होता, म्हणजे लाकूड कच्चंच. भट्टी तशीच टाकून जावं तर आतल्या लाकडाची राख होणार. युथिआसने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि गावाची वाट धरली.

चौकात दॉर्किस चारचौघांत बसला होता. "मी देवाच्या नावाने खोटं बोललो," युथिआस म्हणाला. "मोलॉनला तेव्हाच अठरा भरली होती."

दॉर्किसने मान खाली घातली. युथिआस बाकावर टेकला तसा शेजारचा माणूस गुपचूप उठला आणि पलीकडे जाऊन बसला.