झाकणाचा विषय

आमच्या थोरल्या जाऊबाईंना नगरपालिकेच्या सभेला जायची भारी हौस, असं गल्लीत सगळे म्हणायचे. हौस कसली डोंबलाची! घराच्या कोपऱ्यावर गटार उघडं आणि घरात नवऱ्याची नजर गेलेली. थोरले भाऊजी रोज काठी टेकत एकटेच फिरायला निघायचे, कोणी हात धरलेला त्यांना खपायचा नाही. पुढच्या खोलीत खिडकीशी जाऊबाईंचं शिवणाचं मशीन. भाऊजी कोपऱ्याजवळ आले की मशीनवरचे जाऊबाईंचे पाय आपोआप थांबायचे, जीव टांगणीला लागायचा. ते गटार ओलांडून गेले की मशीन पुन्हा खडखड सुरू. त्या गटारावर झाकण पडावं, एवढंच त्यांचं मागणं.

सभेच्या दिवशी काजं करायचे कपडे पिशवीत भरून त्या प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसायच्या. एकदा भर सभेत अध्यक्षांच्या कोटाचं बटण तुटून टेबलाखाली गेलं. चहाच्या सुट्टीत जाऊबाईंनीच ते लावून दिलं, कोट त्यांच्या अंगावर असतानाच. दोरा तोडता तोडता म्हणाल्या, झाकणाचं तेवढं वर घ्या. अध्यक्ष हसून हो हो म्हणाले. पुढच्या सभेत विषय होता तिथंच, सगळ्यात शेवटी.

शेवटपर्यंत पोचतंय कोण? चौकाला कोणाचं नाव द्यायचं यावर माणसं संध्याकाळपर्यंत भांडायची. त्यातून त्या सभेची एक रीत. गावातलं कोणी मानाचं माणूस गेलं की दुखवट्याचा ठराव करायचा, दोन मिनिटं उभं राहायचं, आणि सभा तहकूब. माजी सभासद गेले, तहकूब. जुने हेडमास्तर गेले, तहकूब. मी एकदा चिडून म्हटलं, या गावात माणसं सभेची तारीख बघून मरतात वाटतं. जाऊबाई इतक्या हसल्या की सुई बोटात गेली.

आणि मग त्याच गेल्या. साधा ताप म्हणून अंगावर काढला, तो छातीत उतरला. मी उशाशी बसले होते. दम लागत होता तरी म्हणाल्या, "सभा चुकवू नकोस."

म्हणून मी भाऊजींना घेऊन गेले. त्या दिवशी त्यांनी मुकाट्यानं माझा हात धरू दिला. दारातच आमच्या भागाचे सभासद भेटले. म्हणाले, वहिनींसाठी आज झाकणाचा विषय पहिला घेतलाय, मंजूर झालाच समजा. मला भरून आलं. भाऊजींनी बाकावर तिची जागा विचारून घेतली आणि तिथंच बसले.

अध्यक्ष उभे राहिले. बटणाची गोष्ट सांगताना त्यांनी कोटाचं तेच बटण चाचपलं. अशी नागरिक पुन्हा होणे नाही, म्हणाले. सगळे उभे राहिले. शिपाई डोळे पुसत होता, मीही रडले. दोन मिनिटं झाली आणि अध्यक्ष म्हणाले, "वहिनींच्या सन्मानार्थ आजची सभा तहकूब करण्यात येत आहे."

एकालाही काही वावगं वाटलं नाही. मनापासून केलं हो त्यांनी, हेच तर दुखतं. एकेकजण येऊन भाऊजींचे हात हातात घेऊन गेला. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. शिपाई पंखे बंद करायला लागला. भाऊजी पुन्हा बाकावर बसले होते, काठी गुडघ्यांत धरून.

"आता आपलाच विषय ना?" त्यांनी विचारलं.

पुढच्या सभेला, मी म्हटलं. ते काठी टेकून उठले.

परतताना कोपरा जवळ आला तसे ते एकदम थबकले. गटार कुठं आहे ते मला विचारायला लागले. मला नवल वाटलं, रोजची त्यांची वाट ती. म्हटलं, इतके दिवस कसे जात होता?

"तिचं मशीन थांबायचं ना," भाऊजी म्हणाले. "थांबलं की समजायचं, गटार आलं."

मी तिथंच रस्त्यात रडले, लोक बघत होते तरी.

मला शिवणातलं ओ की ठो कळत नाही. तरी रोज त्यांची फिरायची वेळ झाली की मी त्या मशीनवर बसते आणि कापड न लावता नुसतेच पाय चालवते. ते कोपऱ्यावर आले की थांबते.