यंदा तरी भूकंप घ्या

“बाई, यंदा तरी पोरांना भूकंप घ्यायला सांगा. त्याला पुसायला लागत नाय.”

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या शाळेतल्या मावशी हातात ओलं फडकं घेऊन स्टाफरूमच्या दारात उभ्या राहायच्या आणि हे म्हणायच्या. मी विरारजवळ बोळिंजच्या एका शाळेत सातवीला भूगोल शिकवते. प्रकल्पाला दरवर्षी दोन विषय देते, ज्वालामुखी किंवा भूकंप. पर्याय आपला नावापुरता. अख्खा वर्ग ज्वालामुखी घेतो, कारण तो उसळतो. पुठ्ठा, माती, आत बाटली, बाटलीत खायचा सोडा आणि वरून लाल रंग घातलेलं व्हिनेगर. फेस आला की आईबाप टाळ्या वाजवतात, मोबाइलवर टिपून घेतात आणि घरी जातात. मग तो चिकट लाल फेस बाकांवरून, लादीवरून, कधी भिंतीवरूनसुद्धा मावशींनी काढायचा.

अशा मावशी तुमच्याही शाळेत असतील. आपण त्यांना रोज बघतो आणि कधीच बघत नाही. आमच्या मावशी बुटक्या, काटक, साडीचा पदर कमरेला खोचलेला. बोलायच्या ते चालता चालता. प्रदर्शनाच्या दिवशी नवा ज्वालामुखी दिसला की मुलाला एवढंच विचारायच्या, “ह्यो किती सांडतो?”

“खूप, मावशी.” पोरगं अभिमानानं सांगायचं.

“बरं,” म्हणून त्या बादली आणायला जायच्या.

खरं सांगू, मलाही या लाव्ह्याचा वीट आला होता. तीच वही, तीच चित्रं, तेच पालक, “बाई, आमच्या आदित्यचा जास्त उंच गेला, मग मार्क कमी का?” पण भूकंप घ्या म्हटलं तर मुलं विचारायची, “त्यात दाखवायचं काय?”

मावशींची एक खोड मात्र मला सहन व्हायची नाही. स्टाफरूमच्या फळीवर त्या पाण्याचा एक पेला पालथा ठेवायच्या, त्याच्या बुडावर दुसरा सुलटा, आणि खाली स्टीलचं ताट. दार जोरात लागलं की वरचा पेला ताटात पडायचा आणि आम्ही सगळ्याजणी दचकायचो. मी ते पेले रोज नीट ठेवायचे. दुसऱ्या दिवशी ते परत तसेच.

“मावशी, कितीदा सांगायचं हो? एखाद्या दिवशी कुणाच्या डोक्यात पडेल.”

“बरं बाई.”

दोन वर्षं हे चाललं. एक दिवस मी चिडलेच. तेव्हा त्या फळी पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आमच्या घरी असंच ठेवतात. जमीन हलली की पेला ताटात पडतो. आवाज आला की बाहेर पळायचं. इथं काय व्हत नाय बाई. हाताला सवय.”

त्यांचं माहेर डहाणूच्या पलीकडे. तिकडे जमीन हलते हे मी पेपरात वाचलेलं होतं, वाचून पान उलटलेलं होतं. तिथे भिंतीला चीर गेलेल्या घरात त्यांची म्हातारी आई एकटी राहायची. मावशींनी विरारच्या आपल्या खोलीत तिच्यासाठी खाट आणून ठेवली होती, पण आई येईना. घर एकटं कसं टाकू, म्हणायची.

“भिंतीला चीर गेलीय म्हणता, ती केवढी?” मी विचारलं.

त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि हात आडवा धरला. “ह्यो पंजा जातो आत.”

इतकी वर्षं मी भूकंप शिकवत होते, फळ्यावर अपिकेंद्र आणि नाभी काढत होते. त्या दिवशी मी पेले तसेच राहू दिले.

गेल्या जानेवारीत प्रदर्शन शनिवारी होतं. मंगळवारी मावशी स्टाफरूमच्या दारात आल्या, पण हातात फडकं नव्हतं.

“बाई, चार दिवस रजा पायजे. काल दोनदा हललं. आई या बारीला येते म्हनाली. घेऊन येते तिला.”

प्रदर्शन माझ्याकडे होतं, म्हणून त्या आठवड्यात रजेवर सहीही माझीच. माझ्या डोळ्यांसमोर काय आलं असेल? बाकांवरून ओघळणारा तो लाल फेस.

“शनिवार होऊ द्या ना मावशी. मग आठवडाभर जा.”

“बरं बाई,” त्या म्हणाल्या. भांडल्या असत्या तर मी सोडलं असतं, असं मी स्वतःला सांगते. ते खरं असेलच असं नाही.

त्या शनिवारी एका मुलीने भूकंप केला होता. गोट्यांवर फळी, फळीवर काडेपेट्यांची घरं. ती फळी हलवायची, घरं पडायची, बघणारे हसायचे. मावशी बादली घेऊन तिच्यापाशीच रेंगाळत होत्या. घरं पडली की वाकून एकेक उभं करायच्या.

“यात मानसं कुठं हायत?” त्यांनी विचारलं.

“नाही केली, मावशी. वेळच नव्हता.”

“म्हंजे बाहेर पळाली. बरं झालं.”

दुपारी त्यांनी सगळे वर्ग पुसले आणि त्या आईला आणायला गेल्या.

सोमवारी त्यांचा फोन आला. भिंत शुक्रवारीच बसली होती, मावशींना ते तिथे पोचल्यावर कळलं. आईचा पाय खाली सापडला होता आणि आता ती उठू शकणार नव्हती. तिला तिथून हलवता येणार नव्हतं, म्हणून मावशीही येणार नव्हत्या.

“माझ्यामुळे झालं, मावशी,” मी म्हटलं.

“तुमी काय जमीन हलवली का बाई?” त्या नेहमीच्याच सुरात म्हणाल्या. “फडकं मागल्या दोरीवर वाळत घातलंय. तेवढं आत घ्या.”

मी ते आत घेतलं.

यंदाही मी फळ्यावर दोन विषय लिहिले. यंदाही सगळे हात ज्वालामुखीला वर गेले. प्रदर्शन झाल्यावर मी खाली बसून त्याच फडक्याने लादी पुसली. लाल रंग नखांत गेला तो चार दिवस निघाला नाही. नव्या मावशी म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही कशाला?” मी फडकं पिळलं.

नव्या मावशी पेले एकात एक घालून व्यवस्थित ठेवतात. घरी निघताना मी खाली ताट ठेवून एक पालथा घालते आणि त्याच्या बुडावर दुसरा उभा करते. माझ्या हाताला सवय नाही. एकदोनदा पेला ताटात पडतो, आवाज पार जिन्यापर्यंत जातो. कुणीही बाहेर पळत नाही.