तीन बुचांची बॅटरी

आमचे आप्पा, म्हणजे वडिलांचे धाकटे चुलतभाऊ, वारले तेव्हा दहाव्याला जो तो उठून त्यांच्या मनमिळाऊ स्वभावाबद्दल बोलत होता. मी घाटावर टोपी घालून उभा होतो, पण तोंडातून अक्षर काढलं नाही. मला कोणी विचारलं असतं तर मी एका बॅटरीची हकीकत सांगितली असती. कोणी विचारलं नाही, म्हणून इथे लिहितो. माझा राग अजून गेलेला नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

मांडवगण फराट्याच्या शिवारात आमची वस्ती. आजोबांपर्यंत आमच्याकडे मेंढरंच होती. वडिलांनी शेती धरली आणि शेवटचा कळप विकून चक्क एक मोटार आणली. दौंडच्या रेल्वे कॉलनीतला एक अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर नोकरी संपवून परदेशी निघाला होता, त्याची ती जुनी विलायती गाडी. छोटी, काळी, फुगीर मडगार्डांची, दारं उलटीकडून उघडणारी. लोक हसले. वडील म्हणाले, "जलमभर मेंढरांच्या मागनं चाललोय. आता जरा बसून जातो." काही वर्षं बसून गेले आणि मग वारले. गाडी माझ्याकडे आली.

गाडीचं सगळं मी बघायचो, बॅटरी मात्र आईनं स्वतःकडे घेतली होती. दर अमावास्येला ती गाडीला लिंबू-मिरची बांधायची आणि त्याच वेळी बॉनेट उघडून बॅटरीची सहाही बुचं काढायची, आत डोकावून बघायची आणि प्लेटा बुडेपर्यंत बाटलीतलं पाणी घालायची. वडिलांनी तिला तसं शिकवलं होतं. एकही अमावास्या चुकली नाही.

आणि ती बॅटरी वापरायचे आप्पा. त्यांच्याकडे बारा व्होल्टवर चालणारा छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. वीज कधी असायची, कधी नसायची. क्रिकेटची मॅच असली की हमखास नसायची. मग आप्पा सायकलवर यायचे, खिशातून पाना काढायचे आणि बॅटरी कॅरियरला बांधून घेऊन जायचे. विचारण्याची भानगड नव्हती. आम्हाला नाही म्हणायची सोयही नव्हती, कारण आमच्या वस्तीवरून डांबरी रस्त्याला जायची गाडीवाट त्यांच्या बांधावरून होती. एकदा मी तोंड वाकडं केलं, तर दुसऱ्या दिवशी वाटेवर बोराटीचे काटे पडले. "ढोरं शिरत्यात रानात, म्हून टाकलं," असं वर सांगितलं. पुढच्या मॅचला बॅटरी मिळाल्यावर ती ढोरं बहुतेक दुसरीकडे गेली असावीत.

ती दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. गावातल्या एसटीडी बूथवरून निरोप आला की मामा दौंडला दवाखान्यात आहेत, जास्त झालंय, सारखं बहिणीला बोलवतायत, लगेच निघा. मामा आईपेक्षा दहा वर्षांनी लहान. आजी त्यांच्या बाळंतपणातच गेलेली, त्यामुळे आईनंच त्यांना मेंढरांच्या मागं पाठीला बांधून वाढवलं होतं. आई होती तशी येऊन गाडीत बसली. मी स्टार्टर ओढला. आवाजच नाही. बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या जागी नुसत्या दोन वायरी लोंबत होत्या.

मी धावत आप्पांच्या अंगणात गेलो. वीस-पंचवीस माणसं टीव्हीपुढे बसली होती. मामा शेवटच्या घटकेला आलेत, बॅटरी द्या, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं. आप्पांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. "देतो की. एवढी ओव्हर हु दे," ते म्हणाले.

ती ओव्हर झाली. मग कोणीतरी आउट झाला, मग तो कसा आउट झाला ते परत दाखवलं, मग पुढची ओव्हर सुरू झाली. मी तेव्हाच वायरी उपटायला हव्या होत्या. उपटल्या नाहीत. भावकीतल्या वडीलधाऱ्याचा मान ठेवला, याची लाज मला आजही वाटते. अर्धा तास गेल्यावर आप्पांनी बॅटरी काढून दिली आणि ती पार उतरलेली होती. आम्ही गाडी बांधापर्यंत ढकलली, पुन्हा ढकलली, ती काही सुरू झाली नाही. शेवटी दुधाच्या टेम्पोत बसून आम्ही नदी ओलांडली आणि दौंड गाठलं.

मामांच्या तोंडावर चादर ओढलेली होती. मामी म्हणाली, "अर्धा तास झाला. 'आक्का आली का' म्हनत दाराकडंच बघत व्हते." आई रडली नाही. तिनं चादर बाजूला केली आणि त्यांचे केस हातानं नीट केले.

मामांचा दहावा दौंडलाच झाला. तोवर मी बॅटरी दोनदा चार्ज करून आणली होती, पण ती धरत नव्हती. दहाव्याला जाताना ती बरोबर घेतली आणि निघताना आम्ही बॅटरीवाल्या मिस्त्रींच्या दुकानावर थांबलो. ह्या मिस्त्रींचे वडीलही हाच धंदा करायचे आणि रेल्वेच्या साहेबाच्या वेळेपासून आमची गाडी त्यांच्याच हातातली. मिस्त्रींनी बॅटरी उघडून बघितली आणि मान हलवली. "प्लेटा गेल्या. इतक्यांदा ठार उतरवल्यावर कोन टिकनार? नवीच घ्या."

त्यांनी तीन-चार पुढे मांडल्या. एक कंपनीची, एक त्यांनी स्वतः प्लेटा भरून केलेली, एक ट्रॅक्टरची मोठी. मला त्यातलं काही दिसत नव्हतं. डोक्यात दहा दिवस एकच घोळत होतं. आई बाहेर बाकावर बसली होती, तेवढ्यात मी मिस्त्रींना हळूच म्हणालो, "खुणा उलट्या रंगवून द्याल का? प्लसच्या जागी मायनस. एकाचा टीव्ही जाळायचाय."

मिस्त्री म्हणाले, "जळंल की. पन एखाद्या दिशी तुमीच इसरून गाडीला लावाल आन् गाडीचं काम व्हईल."

बाकावरून आईचा आवाज आला. तिनं सगळं ऐकलं होतं. "मिस्त्री, गाडी चालंल पन टीव्ही चालायचा न्हाई, अशी मिळती का वो?"

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "मिळती की. ही गाडी मुळातली सहा व्होल्टची हाय. आमच्या वालिदनीच ती बारावर केली. तुमच्या मालकांनी करून घेतली व्हती."

मला वाटायचं, दिव्यांसाठी करून घेतली असेल. आई म्हणाली, "भावजींनी टीव्ही घेतला म्हून केली. दादा, तुझ्या गाडीवर चालंल असं कर, म्हनले. ह्यांनी केलं." मग तिनं विचारलं, "जुना डायनामो, दिवं, समदं माळ्यावर पोत्यात बांधलेलं हाय. परत बसतंय का?"

"बसतंय. पन दिवं मंद पडत्याल, वहिनी."

"दिसंल तेवढ्यात जाऊ," आई म्हणाली.

बॅटरी तिनंच निवडली. तशीच काळी, तेवढीच बोजड. फरक एवढाच, की वर सहा बुचं नव्हती, तीन होती; एका बुचाखाली दोन व्होल्ट, असा हिशोब. आठवडाभरात मिस्त्रींनी पोत्यातलं सामान गाडीला बसवलं आणि गाडी पुन्हा सहावर आली. घरी येताना आईनं मला एकच बजावलं, की कुठं बोलायचं नाही. आयुष्यात मला एवढं जड काही गेलेलं नाही. वीज गेली की मी वाटेकडे डोळे लावून बसायचो.

दोन अमावास्या गेल्या. मग एका रविवारी मोठी मॅच होती आणि आप्पांचे नवे व्याही ती बघायला म्हणून मुद्दाम शिक्रापूरहून आले होते. सकाळी दहाला वीज गेली. सव्वादहाला आप्पांची सायकल आमच्या दारात.

"वहिनी, पाव्हनं आल्यात," ते म्हणाले.

"मग न्या की भावजी," असं म्हणून आईनं स्वतः पाना घेऊन बॅटरी सोडवली. आप्पांनी ती उचलली. "नवी दिसती."

"व्हय. नवीच हाय."

एवढी वर्षं बॅटरी नेणाऱ्या माणसाला तीन बुचं कमी झालेली दिसली नाहीत. कशी दिसतील? त्यांनी कधी एकदाही तिच्यात पाणी घातलं नव्हतं.

ते गेल्यावर आईनं तोंड धुतलं, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि मला म्हणाली, "चल." ती त्या अंगणात टीव्ही बघायला कधीच गेली नव्हती. त्या दिवशी ती सगळ्यांच्या पुढे, व्याह्यांच्या शेजारच्या पोत्यावर जाऊन बसली.

आप्पांनी टीव्हीच्या वायरींचे चिमटे बॅटरीला लावले आणि बटण फिरवलं. पडदा काळाच राहिला. त्यांनी चिमटे काढून पुन्हा लावले, चाकूनं खरवडले, टीव्हीच्या पाठीवर थाप मारली. अंगण भरलेलं. व्याह्यांनी एकदा घड्याळ बघितलं, एकदा आभाळाकडे बघितलं. आप्पांच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि मला मनापासून सांगायचं तर त्या वर्षात तेवढं बरं मला कशानंच वाटलं नव्हतं.

"वहिनी, उतरलेली दिली व्हय?" शेवटी ते म्हणाले.

"न्हाई. भरलेली हाय. सकाळीच गाडी चालू केली हिच्यावर," आई म्हणाली. "सहाची हाय ती. तुमचा टीव्ही बाराचा. आमची गाडी मुळातली सहाचीच व्हती, तशी परत केली."

आप्पा चिमटा हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"एक इचारायचं व्हतं, भावजी," आई म्हणाली. आवाज चढवला नाही, मीठ मागावं तसं विचारलं. "माझा भाऊ गेला त्या दिशी तुमी एवढी ओव्हर हु दे म्हनला. ती मॅच कोन जिंकलं वो?"

आप्पांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे एकटक बघत होतो. ते टाळत नव्हते, खरंच आठवायला बघत होते. मग ते शेजारी बसलेल्या माणसाकडे वळले आणि हळूच म्हणाले, "त्या दिशी कुनाकुनाची व्हती रं?"

त्यालाही आठवत नव्हतं. त्या सबंध अंगणात कोणालाच आठवत नव्हतं.

आई उठली, लुगडं झटकलं आणि मला म्हणाली, "उचल." मी आप्पांच्या हातातला चिमटा काढून घेतला, बॅटरी उचलली आणि त्यांच्याच सायकलच्या कॅरियरला बांधली. सायकल ढकलत आम्ही घरी आलो. त्यानंतर वाटेवर काटे कधी पडले नाहीत. सायकल त्यांनी मरेपर्यंत मागितली नाही आणि आम्हीही ती परत केली नाही.