लोरेटा हुडाकचे गुरुवार

लोरेटा हुडाक आठ वर्षांची असताना शाळेतल्या सिस्टरनी तिला प्रार्थनागीतांच्या वेळी शेवटच्या रांगेत उभं केलं आणि सांगितलं, "तू नुसते ओठ हलव." लग्न झाल्यावर सासूनं पहिल्याच आठवड्यात बजावलं, "आमच्या घरात कुणी बहिरं नाही गं." लोरेटाचा आवाजच तसा. मीठ मागितलं तरी शेजारच्या घरातून मीठ यावं. तिचा नवरा स्टीव्ह कोळशाच्या भट्टीवर कामाला होता आणि भट्टीच्या गोंगाटानं त्याचे कान अर्धे गेले होते, म्हणून जगात त्या एकट्यालाच तिचं बोलणं बेताचं वाटायचं. त्याला जाऊन आता नऊ वर्षं झाली होती.

टेकडीवरच्या कॉलेजच्या मेसमध्ये ती एकतीस वर्षं वाढपी होती. दर जुलैत शहरातला अमेरिकन फुटबॉलचा क्लब तिथं शिबिराला येतो. येतात नव्वद जण, आणि ऑगस्ट संपेपर्यंत क्लबात उरतात त्रेपन्न. टीव्हीवरची विद्वान मंडळी कोण राहणार, कोण जाणार यावर घसा कोरडा करतात. मेसमधल्या बायकांना ते आधीच कळतं, कारण जाणाऱ्याची भूक चार दिवस आधी मरते.

त्या वर्षी वेस टॅगर्टची भूक दुसऱ्याच आठवड्यात मेली.

वेस कॅन्ससच्या गव्हाच्या मुलखातला, तेवीस वर्षांचा, लांब हाताचा, गालावर पुरती दाढीही न आलेला क्वार्टरबॅक, म्हणजे संघाला डाव सांगून चेंडू फेकणारा. शिबिरात क्वार्टरबॅक चार होते. क्लबात जागा दोघांना, आणि फार तर एकाला सराव संघात, म्हणजे पगार मिळतो पण रविवारी सामन्यात उतरत नाहीत त्या पोरांत. चौथ्याला कशाला बोलावतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. बाकीच्या तिघांचे खांदे दुखू नयेत म्हणून. वेसलाही ते ठाऊक होतं. इथून गेला तर पुढे दुसरा क्लब बोलावणार नव्हता. पाच वर्षांचा असल्यापासून त्यानं दुसरं काही करायचं ठरवलेलंच नव्हतं.

क्वार्टरबॅकांना शिकवणारा कोच ऑगी पेट्राकिस एके दुपारी वाढणीच्या रांगेत उभा राहून आपल्या मदतनिसापाशी डोकं धरत होता. "हात चांगला आहे रे. डोकं तर त्याहून चांगलं. पण चार वर्षं कॉलेजात मैदानाच्या काठावरून कुणीतरी चित्रांची पाटी दाखवायचं आणि हा टाळी वाजवून चेंडू मागायचा. आयुष्यात कधी कोंडाळ्यात उभं राहून डाव पुकारलेला नाही पोरानं! इथं हेल्मेटमध्ये माझा आवाज ऐकायचा, पंधरा शब्द जसेच्या तसे दहा जणांना सांगायचे, तेही घड्याळ संपायच्या आत. हा सांगतो, ते म्हणतात 'काय?' हा पुन्हा सांगतो, ते पुन्हा म्हणतात 'काय?' की वाजली शिट्टी, दंड."

"ओरड म्हणावं," मदतनीस म्हणाला.

"सांगितलं. ओरडतो तेव्हा रडल्यासारखा वाटतो."

पेट्राकिसच्या ताटात उकडलेले बटाटे घालता घालता लोरेटानं हे सगळं ऐकलं. ऐकू न येण्यासारखं ते नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी न्याहारीची गर्दी ओसरली तरी वेस कोपऱ्यातल्या टेबलावर बसून अंड्यांकडे बघत ओठ हलवत होता. आवाज न काढता ओठ हलवणारं माणूस लोरेटाला अजून बघवत नाही. ती फडकं खांद्यावर टाकून गेली.

"काय रे, अंड्यांना काय सांगतोयस?"

"काही नाही मॅडम. डाव पाठ करतोय."

"येत नाहीत?"

"सगळे येतात. पण मी म्हटले की कुणाला ऐकू जात नाहीत."

"म्हण बघू एक."

वेसनं इकडेतिकडे पाहिलं. डाव बाहेरच्या माणसाला सांगायचा नसतो. पण समोर फडकं घेतलेली सदुसष्ट वर्षांची बाई होती. तो म्हणाला, "उजवे तिघे रॅम बासष्ट एक्स आत झेड खोल दोनवर."

"काय?" लोरेटा म्हणाली.

पोराचा चेहरा असा पडला की तिला स्वतःचीच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून गप्प बसणाऱ्यांतली ती नव्हती. "अरे, तू पापाची कबुली देतोयस का? त्या जाळीपलीकडच्या फादरलासुद्धा ऐकू जायचं नाही हे. सगळं एका दमात, आणि शेवटचं तर गिळूनच टाकलंस!"

"सॉरी, मॅडम."

"आणि हे सॉरी तर खणखणीत ऐकू आलं! गुरुवारी संध्याकाळी तुम्हाला सोडतात ना दोन तास? मग सेंट सिरिलला ये. चर्चच्या तळघरात."

दर गुरुवारी सेंट सिरिलच्या तळघरात बिंगो चालतो, हाउझीसारखा आकड्यांचा खेळ. एकोणतीस वर्षांपूर्वी तिथला माईक बिघडला, तेव्हा फादरना लोरेटाची आठवण झाली. माईक आठवड्यात दुरुस्त झाला, तो पुन्हा कुणी लावला नाही. पिंजऱ्यातून गोटी काढायची आणि अक्षर-आकडा पुकारायचा, एवढंच काम. पण समोर ऐंशी बायका, निम्म्यांच्या कानात यंत्रं, सगळ्यांच्या हातात कार्डावरचा आकडा रंगवायची बाटली, आणि कुणाच्याही मनात दयामाया नाही.

वेस आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. लोरेटानं त्याला सरळ पिंजऱ्यामागे उभं केलं. "आज हा पुकारणार."

पहिली गोटी निघाली. वेस म्हणाला, "जी त्रेपन्न."

"काय म्हणाला?" ऐंशी जणींतून गिल्ला उठला. चौऱ्याऐंशी वर्षांची स्टेला पावलिक पुढच्याच टेबलावर बसते. ती म्हणाली, "लोरेटा, हा मुलगा आजारी आहे का गं?"

"जी त्रेपन्न!" वेस ओरडला.

"अरे, अंगावर काय येतोस?" स्टेला म्हणाली. "मी तुझं काय घोडं मारलंय?"

तळघर हसून हसून लोटपोट झालं. वेसचे कान लाल झाले. पण तो पळाला नाही, आणि तिथंच लोरेटाला तो आवडला. अर्धा तास त्याचे हाल झाले. मग मध्यंतरात कोबी आणि शेवयांच्या हालुश्कीची बशी त्याच्या हातात देऊन ती त्याला जिन्याखाली घेऊन गेली.

"तू गोटीकडे बघून बोलतोस," ती म्हणाली. "गोटीला ऐकायचं नसतं, बाळा. आणि मोठा आवाज म्हणजे ओरडणं नव्हे, तसं असतं तर मला इथं एकोणतीस दिवससुद्धा ठेवलं नसतं. हे बघ, स्टेलाला सगळे आकडे नको असतात. तिला तिच्या कार्डावरचा एक हवा असतो. बाकीचे तिच्या कानावरून जातात. मला ठाऊक असतं कोण कशासाठी अडलंय. तो आकडा आला की मी तिच्याकडे बघते, पुकारते, आणि श्वासभर थांबते. तुझं ते लांबलचक वाक्य, त्यातलं कुणाला काय हवं असतं?"

वेस चावता चावता थांबला. "रॅम बासष्ट पुढच्या पाच जणांना," तो हळूहळू म्हणाला. "कुणाला अडवायचं ते. एक्स आत एकट्या एक्सला, म्हणजे चेंडू झेलायला पळणाऱ्या एकाला. झेड खोल झेडला, पळणाऱ्या दुसऱ्याला. दोनवर सगळ्यांना, चेंडू कधी सुटणार ते."

"मग ज्याचं त्याला दे ना! सगळं सगळ्यांच्या अंगावर का ओततोस?"

एवढंच. ही गोष्ट जगातल्या कुठल्याही कोचला सुचली असती, असं लोरेटा पुढे कित्येकदा म्हणाली. पण सुचली नव्हती, हेही खरंच.

त्यानंतर रोज सकाळी न्याहारीनंतर मेसमधल्या पाच बायका फडकी घेऊन कोंडाळं करायच्या. एक एक्स, एक झेड, आणि भांडी घासणारी थोराड इर्मा एकटीच पुढचे पाच जण. वेस प्रत्येकीकडे बघून तिचे तिचे शब्द द्यायचा. "मला नाही मिळालं!" इर्मा हटकायची. "पाच जणांचं काम करतेय मी, जरा आदरानं सांग!" तो हसायचा आणि पुन्हा सांगायचा. त्याची भूकही परत आली. गुरुवारी तो पिंजऱ्यामागे उभा राहायचा, आणि तिसऱ्या गुरुवारी स्टेला म्हणाली, "आज पोरगा बरा दिसतोय." सेंट सिरिलमध्ये याहून मोठं कौतुक होत नाही.

त्याच गुरुवारी मध्यंतरानंतर जिन्यावर पेट्राकिस दिसला. लोरेटाला वाटलं, क्लबाचे डाव मेसमध्ये पुकारले जातात हे त्याला कळलं असणार, आता हा पोराला इथून उचलणार, कदाचित थेट घरीच पाठवणार, आणि ते सगळं तिच्या आगाऊपणामुळे. पेट्राकिस दाराशी उभा राहून बराच वेळ ऐकत होता. वेसनं पाच गोट्या पुकारल्या. एकदाही कुणी "काय?" म्हटलं नाही. मग पेट्राकिसनं एक कार्ड घेतलं आणि स्टेलाच्या शेजारी बसला. दोनदा त्याचा आकडा चुकला, दोन्ही वेळा स्टेलानं त्याला कोपरानं ढोसलं.

जाताना तो लोरेटाला एवढंच म्हणाला, "मी बावीस वर्षं हे काम करतोय, मिसेस हुडाक." रागावला होता की नाही, ते तिला कळलं नाही.

शिबिर संपलं आणि क्लब शहरात परत गेला. शेवटच्या सराव सामन्याला मेसच्या बायका स्टेलाच्या घरी टीव्हीपुढे जमल्या. वेसला शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी उतरवलं. सगळं जग चेंडूकडे बघत होतं आणि या बायकांना कोंडाळं बघायचं होतं. नेमकं तेव्हाच टीव्हीवाले ट्रकची जाहिरात दाखवायचे. इर्मानं टीव्हीला अशा काही शिव्या घातल्या की स्टेलाच्या नातवानं नवे शब्द शिकून घेतले. शेवटी एकदाच, चार सेकंदं, कॅमेरा आत गेला. वेस गुडघ्यावर बसला होता. त्यानं आधी पुढच्या पाच जणांतल्या मधल्या, थोराड सेंटरकडे पाहिलं, काहीतरी म्हणाला, थांबला. मग डावीकडे. मग उजवीकडे. मग सगळ्यांकडे. "काय?" म्हणून कुणीही मान पुढे काढली नाही.

"दिलं बघ ज्याचं त्याला," लोरेटा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिनं ते पुसलेही नाहीत.

त्याचा एक फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्यानं झेलला. दुसरा एक कुणाच्याच हाती लागला नाही. दंड मात्र एकही झाला नाही. पण टीव्हीवरचा विद्वान म्हणाला की चौथ्याचा काही निभाव लागणार नाही.

मंगळवारी चार वाजेपर्यंत यादी लागते. कॉलेजची मुलं आली होती, मेस भरलेली होती. लोरेटा दीडपासून घड्याळाकडे बघत होती. तिनं एका मुलाला सुपात पाव बुडवून दिला आणि दुसऱ्याला नुसतीच रिकामी वाटी. मनात ती स्टीव्हशी बोलत होती, की बघ रे, मी उगाच नाक खुपसलं का? पोराला आशा लावली, आणि आता त्याचं काय होणार? एवढं मात्र ती स्वतःपाशी कबूल करत होती की या पाच आठवड्यांसाठी ती देवाची ऋणी होती. सदुसष्ट वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिचा आवाज शिकायला आलं होतं.

चारला दहा मिनिटं असताना स्वयंपाकघरातला भिंतीवरचा फोन वाजला. इर्मानं उचलला आणि ओल्या हातानं पुढे केला. "पेट्राकिस."

"मिसेस हुडाक, तुमच्याशी खरं बोलतो," पेट्राकिस म्हणाला. "तिघांचेही हात त्याच्यापेक्षा चांगले आहेत. मी त्याचं नाव काढून टाकलं होतं."

लोरेटानं इर्माकडे बघून नकारार्थी मान हलवली.

"दुपारी आमचा सेंटर माझ्या दारात आला. डॅरियस ब्रँच. बारा वर्षं खेळतोय, माझ्याशी बारा वाक्यं बोलला नसेल. म्हणाला, 'कोच, मला ऐकू येतो तो ठेवा.' आणि गेला. मग मागोमाग आणखी दोघे आले. वेसला सराव संघात ठेवलाय. रोज समोरच्या संघाचे डाव तोच पुकारणार आहे. जागा छोटी आहे, पण आहे. आणि ती तुमच्यामुळे आहे, हे सांगायला फोन केला. मी तुमचा आभारी आहे."

"नाही हो, मीच तुमची," लोरेटा म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी त्याला उचलून नेलं नाहीत."

"नेणार होतो. मग आकडे ऐकू यायला लागले. थांबा, तो इथंच आहे, त्याला बोलायचंय."

फोनमध्ये खरखर झाली. लोरेटा थांबली. मागे सगळ्या बायका भांडी सोडून उभ्या राहिल्या होत्या. पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं, सोडत होतं, पुन्हा घेत होतं.

"बोल रे," इर्मा मागून कुजबुजली, जणू त्याला ऐकू जाणार होतं.

मग वेस बोलला. थँक यू की काहीतरी. इतकं बारीक, इतकं ओलं, की शेवटचं अक्षर त्यानं पुन्हा गिळलं. शेजारी उभ्या इर्मालाही ते कळलं नाही.

लोरेटानं त्याला पुन्हा म्हणायला लावलं नाही. तिनं फोन दोन्ही हातांनी धरला आणि आयुष्यात कधी नव्हे इतक्या हळू म्हणाली, "ऐकू आलं, बाळा."